फिट, कंपवात, लकवा, विसरणं : घरात कुणी ‘नॅचरल’ औषध आणून दिलं तर पुढं काय करायचं

गेल्या दिवाळीत आमच्या सांगलीच्या घरी एक पाहुणे आले आणि जाताना अण्णांच्या उशाशी वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी ठेवून गेले. "रोज सकाळी चमचाभर दुधातनं द्या, तीन महिन्यात गोळ्या बंद होतात का नाही बघा." अण्णांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन, होऊन सहा वर्षं झाली. चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा राहिलेला माणूस, हळकुंड दोन बोटात धरून काडकन मोडायचा आणि आतला रंग बघून भाव बोलायचा, त्याला आता शर्टाचं एक बटण लावायला पाच मिनिटं लागतात. असं माणूस घरात असलं की पुडी सरळ कचऱ्यात टाकायला हात होत नाही, आणि द्यायची म्हटली तरी कुणाच्या भरवशावर द्यायची.

मग मी वाचत बसलो, आमच्या न्यूरोलॉजिस्टला पिडलं, एका वैद्यांना पिडलं. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण घरात दोन पेशंट आहेत, अण्णा आणि चुलतभावाची पोरगी (तिला फिटचा त्रास), त्यामुळं जे करून शिकलो ते ओळीनं लिहितोय, ज्याच्या घरात अशी पुडी येईल त्याच्यासाठी.

पहिलं काम : आजाराचं नाव कागदावर आणा

"मेंदूचा त्रास आहे" हे काय आजाराचं नाव नव्हे. हात थरथरतात म्हणजे पार्किन्सनच असं नसतं, थायरॉईड वाढलं तरी थरथरतात, दम्याच्या काही औषधांनी थरथरतात, घराण्यात चालत आलेला वेगळा कंप असतो तो तर पार्किन्सन नव्हेच. आजोबा विसरायला लागले की सगळे म्हणतात वय झालं, पण बी-ट्वेल्व्ह कमी असलं, थायरॉईड कमी असलं, मन खचलेलं असलं, साधं कानाला ऐकू कमी येत असलं तरी माणूस विसरल्यासारखा वागतो, आणि यातलं बरंचसं रक्ततपासणीत किंवा कान तपासून सापडतं आणि सुधारतं पण. हे न बघता ब्राह्मीची बाटली आणायची म्हणजे टायर पंक्चर असताना गाडी पॉलिश करण्यातला प्रकार.

फिटचं तर अजून वेगळं. आपल्या देशात फिटचं एक मोठं कारण म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीची (फितीसारख्या चपट्या जंताची) अंडी पोटात जाणं. लोकांना वाटतं डुकराचं मटण खाणाऱ्यालाच होतं, तसं नाही, ही अंडी माणसाच्या विष्ठेतनं पाण्यात, मातीत आणि तिथनं पालेभाजीवर येतात, त्यामुळं माळकरी माणसाला पण होतं. मेंदूत त्याची गाठ होते, स्कॅनमध्ये ती दिसते आणि त्याला औषध आहे. आमच्या घरात तेव्हापासनं कोथिंबीर तीन पाण्यातनं काढल्याशिवाय चिरत नाहीत. मला विचाराल तर आरोग्य शिक्षण म्हणतात ते हे, बाकी पोस्टर जाऊद्यात.

दुसरं : चालू गोळी एक दिवस पण थांबवायची नाही, आणि डॉक्टरला न सांगता जोडीला दुसरं काही सुरू करायचं नाही

हे मी मोठ्यानं सांगतो कारण आमच्याकडं चूक इथंच झाली. पोरगीला फिनायटॉइनवर (फिटची गोळी) वर्षभर एक पण फिट नव्हती. परीक्षा आली म्हणून कुणीतरी बुद्धी वाढायला शंखपुष्पीचं सिरप सुरू केलं, आईनं मोठ्या प्रेमानं सकाळ-संध्याकाळ दिलं, आणि तिसऱ्या आठवड्यात पोरगी शाळेच्या पायऱ्यांवर पडली. गोळी चुकली नव्हती. डॉक्टरनी पहिला प्रश्न विचारला, "अजून काय चालू आहे?" आणि कुणालाच सिरप आठवलं नाही, कारण ते औषध आहे असं घरात कुणी धरलंच नव्हतं!

त्या सिरपनंच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण नंतर वाचलं तर १९९२ सालीच मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या मंडळींनी हे लिहून ठेवलेलं. फिनायटॉइनवर बऱ्या चाललेल्या दोन पेशंटच्या फिट शंखपुष्पीच्या सिरपनंतर हाताबाहेर गेल्या, म्हणून त्यांनी उंदरांवर तपासलं, तर रक्तातलं फिनायटॉइन घटलेलं दिसलं. उलटं पण होतं, काळ्या मिरीतलं पायपरीन फिनायटॉइन जास्त शोषायला लावतं, म्हणजे आमटीतल्या मिरीनं काय होत नाही पण मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूल रोज चालू केल्या तर गोळीचा डोस वाढवल्यासारखं होऊ शकतं.

म्हणून एक वही करा. आमच्याकडं शंभरपानी आहे, फ्रिजवर असते. डाव्या पानावर डॉक्टरच्या गोळ्या, नाव, मिलीग्रॅम, वेळ. उजव्या पानावर बाकीचं सगळं, काढा, चूर्ण, तेल, सिरप, पाहुण्यांनी दिलेलं, देवळातनं आणलेलं, काहीपण. ओपीडीत गेलं की वही टेबलावर उघडी ठेवायची. डॉक्टर रागावतील म्हणून लोक लपवतात, आमचे पण रागावले, पण वाचलं तरी.

तेल-बामचं पण त्यातच लिहा. कापूर आणि निलगिरीचं तेल फिट आणू शकतं, बंगळुरूच्या न्यूरोलॉजिस्ट लोकांनी यावर बरंच काम केलंय. फिटच्या पेशंटला सर्दीत कापराची पुरचुंडी, निलगिरीची वाफ, डोक्याला बाम, हे सगळं बंद. आपल्याकडं तान्ह्या बाळाला कापूर हुंगवतात ते तर अजिबात नको.

तिसरं : पुडीत नेमकं काय आहे?

पुडी देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. वनस्पती कुठली, तिचा कुठला भाग, किती ग्रॅम. "आमचं पिढीजात आहे, सांगत नाही" असं उत्तर आलं की तिथंच नमस्कार. डबा असेल तर त्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, लायसन नंबर, बॅच नंबर बघा.

गुप्त पुडीचा धोका नुसता "काही होणार नाही, पैसे जातील" इतका साधा नाही. फिटवरच्या असल्या ‘आयुर्वेदिक’ पुड्यांत चक्क फिनोबार्बिटोन, म्हणजे जुनी अ‍ॅलोपॅथीची फिटचीच गोळी, कुटून घातलेली सापडल्याची प्रकरणं आपल्या देशात झालीत. म्हणजे पेशंट बरा वाटतो, लोक म्हणतात बघा गुण आला, आणि ज्या दिवशी पुडी संपते किंवा तो बाबा गाव सोडतो त्या दिवशी ती गोळी एकदम बंद होऊन फिटवर फिट येतात. धातूंचं पण तसंच. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरनं घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यातल्या पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. आणि शिसं मेंदूला पण बिघडवतं.

नावाचा गोंधळ हा अजून एक ताप. आपल्याकडं बाजारात ब्राह्मी म्हणून जी गोल पानांची वेल मिळते ती बहुतेक वेळा मंडूकपर्णी असते. स्मरणशक्तीवरचे बरेचसे प्रयोग ज्या ब्राह्मीवर झालेत, बकोपा, तिची पानं बारकी, जाडसर, लांबट असतात. दोन्ही चांगल्या असतील, पण एकीचा रिपोर्ट दाखवून दुसरी विकायची हे बरोबर नव्हे. बकोपाचे प्रयोग पण जास्त करून धडधाकट माणसांवर, साधारण ३०० मिलीग्रॅम अर्क, १२ आठवडे असे आहेत, त्यात आठवण थोडी सुधारलेली दिसते. स्मृतिभ्रंश बरा होतो असं त्यातनं निघत नाही. पोट मात्र बिघडतं काहींचं.

कायद्याचं पण माहीत असूद्या. १९५४ चा औषधं आणि जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत मेंदूचे विकार, फिट, लकवा हे सगळं नावानिशी आहे. हे बरं करतो अशी औषधाची जाहिरात करणंच गुन्हा. त्यामुळं पॅम्प्लेटवर "लकवा १००% बरा" दिसलं की तो माणूस कायदा मोडून तुमच्याशी बोलतोय.

चौथं : "संशोधन झालंय" म्हणाला तर काय विचारायचं

इथं मी हळदीचंच घेतो, कारण घरात तेच पिकलं, तेच विकलं. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (माल त्याच भागातला असल्याचा सरकारी शिक्का) मिळालं तेव्हा अण्णांनी यार्डात पेढे वाटलेले, त्यामुळं मी हळदीच्या विरोधात बोलतोय असं कुणी समजू नये.

हळदीतलं कर्क्युमिन मेंदूला चांगलं असं मोबाईलवर रोज येतं. बघायचं कसं? पहिला प्रश्न, प्रयोग कुणावर? काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर कर्क्युमिननं बरंच काय काय केलंय, माणसात आलं की गडी थंड पडतो. दुसरा प्रश्न, किती दिलं? हळदीत कर्क्युमिन असतं दोन ते पाच टक्के, म्हणजे तीन ग्रॅमच्या चमच्यात शंभरेक मिलीग्रॅम, आणि प्रयोगात देतात ग्रॅममध्ये. तिसरा, रक्तात पोचलं का? बंगळुरूलाच १९९८ मध्ये माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं तर रक्तात जेमतेम सापडलं, त्याच्यासोबत २० मिलीग्रॅम पायपरीन दिल्यावर शोषण वीसपट झालं. झालं, तेव्हापासनं सगळ्या कॅप्सूलमध्ये मिरी आली, आणि मिरीचं नि फिनायटॉइनचं काय होतं ते वर सांगितलंच. चौथा प्रश्न, कुणाशी तुलना केली? निम्म्या लोकांना तेच आणि निम्म्यांना तसलीच दिसणारी खोटी गोळी, कुणाला काय मिळालं हे कुणालाच माहीत नाही, असं होतं का?

हा चौथा प्रश्न पार्किन्सनमध्ये लय महत्त्वाचा. २००१ मध्ये कॅनडातल्या व्हॅंकूव्हरच्या संशोधकांनी दाखवलं की पार्किन्सनच्या पेशंटला खोटं औषध दिलं तरी, खरं मिळालं या आशेवर, त्याच्या मेंदूत खरंच डोपामिन (पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडतं ते रसायन) सुटतं. म्हणजे "पुडी घेतल्यावर आठ दिवस बरं वाटलं" म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही. फक्त ते बरं वाटणं पुडीचं होतं का आशेचं हे त्याला आतनं कळायचा मार्ग नाही.

आणि मोठा प्रयोग झाला की काय होतं याचं उदाहरण म्हणजे गिंको, स्मरणशक्तीसाठी म्हणून विकतात तो झाडाच्या पानांचा अर्क. अमेरिकेत पंच्याहत्तरीच्या वरचे तीन हजारावर लोक घेतले, १२० मिलीग्रॅम दिवसातनं दोनदा, कैक वर्षं दिलं, २००८ ला निकाल लागला : स्मृतिभ्रंश रोखण्यात शून्य फरक. तरी मेडिकलमध्ये डबा अजून आहेच.

पाचवं : मग नैसर्गिक असं काहीच चालत नाही का?

चालतं की. पण ते बहुतेक पुडीत मिळत नाही.

आधी वनस्पतीचंच सांगतो, कारण गोष्ट भारी आहे. सर्पगंधा आपली जुनी, कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच ती रक्तदाब आणि वेडावर चालते म्हणून लिहिलं. १९५२ मध्ये तिच्यातनं रिसर्पिन काढलं. पुढं स्वीडनच्या आर्विड कार्लसननी प्राण्यांना रिसर्पिन दिलं तर ते दगडासारखे थिजले, मग लेव्होडोपा (मेंदूत जाऊन ज्याचं डोपामिन होतं ते) दिलं आणि ते उठून हलायला लागले, १९५७ ची गोष्ट, त्यातनंच पार्किन्सनचं औषध आलं आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे बघा, एक झाडपाला मेंदूतलं डोपामिन रिकामं करतो. पार्किन्सनच्या माणसाला सर्पगंधा द्यायची म्हणजे आगीत तेल, आणि डब्यावर लिहिलेलं असतं शंभर टक्के नैसर्गिक.

दुसरीकडं आपली खाजकुइली, लहानपणी शेंगेची कुसं एकमेकाच्या कॉलरमध्ये टाकायचो ती. तिच्या बियांत खरोखर लेव्होडोपा आहे. लंडनमध्ये २००४ ला आठ पेशंटवर बियांची पावडर तपासली, गोळीपेक्षा लवकर असर झाला. बोलिव्हियात १८ जणांवर झालं, एका डोसपुरतं चांगलं दिसलं. पण तेच १६ आठवडे द्यायला गेले तर १४ पैकी ७ जणांनी मध्येच सोडलं, कुणाचं पोट, कुणाची चाल बिघडली. गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतं, जे मळमळ कमी ठेवतं आणि औषध मेंदूपर्यंत पोचवतं, बीत ते नाही. शिवाय पावडरीत प्रमाण डब्यागणिक बदलतं. चालू गोळ्यांवर वरनं ही घेतली तर डोस दुप्पट होऊन अंग वेडंवाकडं हलायला लागतं, भास होतात. द्यायचीच असेल तर न्यूरोलॉजिस्टनं डोस बसवून द्यायची, पाहुण्यांनी नाही.

आमच्याकडं सगळ्यात जास्त गुण कशानं आला सांगू? दूध हलवल्यानं! अण्णा सकाळची गोळी कपभर दुधासोबत घ्यायचे, वर्षानुवर्षं. दुधातलं प्रोटीन आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच दारातनं आत जायला भांडतात, गोळी बाहेर राहते. आता सहाला गोळी पाण्याबरोबर, साडेसहा-पावणेसातला दूध. पैसा खर्च नाही. आठवडाभरात सकाळचं पाय अडकणं निम्म्यावर आलं, वहीत वेळा लिहिलेल्या आहेत. आणि ती पुडी कशातनं द्यायची होती? दुधातनं.

व्यायाम हे दुसरं. ताई-ची नावाचा चिनी संथ व्यायाम, १९५ पार्किन्सन पेशंटवर २०१२ मध्ये तपासला, तोल सुधारला, पडणं कमी झालं. ट्रेडमिलवर दम लागेपर्यंत चालवलेल्यांचा आजार सहा महिन्यात कमी सरकला असंही २०१८ ला दिसलंय. आमच्याकडं ट्रेडमिल नाही, आमराई आहे. सकाळी गोळी चढल्यावर, म्हणजे साधारण तासाभरानं, अण्णांना घेऊन जातो आणि मोठ्यानं "एक-दोन-एक-दोन" म्हणत चालवतो, ठेका असला की पाय उचलतात. सुरुवातीला अण्णा लाजायचे, आता दुसऱ्यांना ओरडतात. जोरात चालवण्याआधी हृदय तपासून घ्या म्हणजे झालं.

योगावर दिल्लीच्या एम्सचं काम आहे. अर्धशिशीच्या ११४ जणांतल्या निम्म्यांना तीन महिने औषधासोबत योग दिला, नुसत्या औषधावर असलेल्यांपेक्षा त्यांचं डोकं कमी दुखलं. फिटच्या १६० जणांवर २०२३ ला आलं, फिट कमी झाल्याच, पण लोक काय म्हणतील ही जी आत सल असते ती पण कमी झाली, आणि मला वाटतं पोरीबाळींना फिटपेक्षा तीच जास्त खाते. दोन्हीकडं गोळ्या चालू होत्या हे विसरू नका. एक सावधगिरी, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढताना पेशंटला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात ते फिटची लाट वर यावी म्हणूनच. त्यामुळं फिटवाल्यांनी भस्त्रिका वगैरे जोराचे प्रकार विचारल्याशिवाय करू नयेत.

जेवणातनं उपचार म्हणाल तर लहान मुलांच्या न ऐकणाऱ्या फिटवर कीटो आहार. लंडनमध्ये १४५ मुलांवर झालेला, २००८ चा, आहार दिलेल्यांपैकी ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या, न दिलेल्यांत ६ टक्के. पण हा रीलवरचा कीटो नव्हे. भाकरी, भात, साखर जवळपास बंद, तूप-पनीर-अंडी वजनावर मोजून, आधी रक्त तपासणी, साखर घातलेलं खोकल्याचं सिरप पण चालत नाही. हॉस्पिटल आणि आहारतज्ज्ञाशिवाय हात लावायचा नाही.

लकवा टाळायचा असेल तर बीपी आणि मीठ. चीनमधल्या ६०० खेड्यात जवळपास २१ हजार लोकांवर, मिठातलं पाव भाग पोटॅशियमचं मीठ केलं, २०२१ चा निकाल, लकव्याचे झटके १४ टक्क्यांनी कमी. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते मीठ मात्र धोक्याचं, विचारून घ्या. लोणचं-पापड-खारा माल कमी करायला कुणाला विचारायला नको. स्मृतिभ्रंशाचं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या कमिशननं १४ कारणं मोजली, ऐकू कमी येणं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, एकटं पडणं वगैरे, ती आवरली तर निम्म्याच्या आसपास केसेस टळतील नाहीतर लांबतील. आजीला कानाचं मशीन घेऊन देणं हा मेंदूवरचा उपचार आहे, आणि ती ते ड्रॉवरमध्ये ठेवते हा वेगळा विषय.

सहावं : या दोन वेळी कुठलंच घरगुती नको

फिट आली की कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, कॉलर सैल, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, बोट काही नाही. कांदा, चप्पल काही नाही, फिट आपोआप थांबते आणि मान चपलेला मिळतो. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर १०८.

तोंड वाकडं, एक हात गळाला, बोलणं बोबडं, यातलं एक जरी अचानक झालं तरी १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासाच्या आत चालतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहून न्या. आधी हॉस्पिटलला फोन करून सीटी स्कॅन चालू आहे का विचारा. पाणी नाही, गोळी नाही. तेल चोळणं, लकव्याच्या गावाला नेणं, कबुतराचं रक्त, यात हे साडेचार तास जातात, आणि मिरज एवढ्या जवळ असताना! १८९४ मध्येच तिथं हॉस्पिटल सुरू झालं, लांबलांबनं लोक तिथं येतात, आणि आपल्याच गल्लीतला माणूस दुसऱ्या दिवशी पोचतो.

आणि त्या पुडीचं

ओपीडीत नेली. डॉक्टरनी वास घेतला, नाव नाही म्हटल्यावर बाजूला ठेवली. वैद्य म्हणाले, "ज्यानं बांधली त्याची सही नाही, मी कशी देऊ." मग घरी आणून अण्णांच्या पुढ्यात उघडली. त्यांनी चिमूटभर घेतली, थरथरत्या बोटात चोळली, नाकाशी नेली, आणि सौद्यात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "यात हळद हाय. पोत्याच्या तळातली. किडकी."